तट ढासळला की बेट बुडते

रामेश्वरला निघालेली गाडी मंडपम सोडून पांबनच्या पुलावर आली की डबाभर गडबड उडते. डाव्या हाताला पाल्कचा उपसागर, उजव्या हाताला मन्नारचे आखात आणि मधून रेल्वेचा रूळ. महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य यात्रेकरू या वाटेने जातात. उजवीकडे पाण्याच्या कडेला हिरवी रेघ दिसते, ती बहुतेकांना पलीकडचा किनारा वाटते. प्रत्यक्षात ती बेटे आहेत. त्यांवर वस्ती नाही, देऊळ नाही, हॉटेल नाही. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. रामेश्वरपासून तुतीकोरीनपर्यंत, म्हणजे आजच्या थुथुकुडीपर्यंत, किनाऱ्याला समांतर अशी ही बेटांची माळ आहे आणि ती एका सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

तमिळनाडू सरकारने १९८६ मध्ये हे उद्यान जाहीर केले. क्षेत्रफळ ५६० चौरस किलोमीटर. मंडपम, कीळकरै, वेंबार आणि तुतीकोरीन अशा चार गटांत मिळून २१ बेटे त्यात मोजली गेली. तीन वर्षांनी, १९८९ मध्ये, आजूबाजूच्या सुमारे १०,५०० चौरस किलोमीटर सागराला आणि किनाऱ्याला जैवावरणाच्या राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. कठीण प्रवाळांच्या शंभराहून अधिक जाती, समुद्रगवताची कुरणे, त्यांवर चरणारी समुद्रगाय, कासवे, शंख, समुद्री काकड्या अशी सुमारे चार हजार जातींची संपत्ती येथे आहे. पण बेटांची गणती करायला गेल्यास आज एकवीस भरत नाहीत. कीळकरै गटातील पूवरसनपट्टी आणि तुतीकोरीन गटातील विलांगुचल्ली ही दोन बेटे पाण्याखाली गेली आहेत. कागदावर एकवीस, पाण्यावर एकोणीस. संरक्षित म्हणून घोषित केलेली जमीनच नाहीशी झाली, असे उदाहरण आपल्या देशात विरळाच.

ती का गेली, हे समजून घेण्यासाठी बेट कशावर उभे आहे ते पाहावे लागते. ही बेटे प्रवाळांचा चुरा आणि वाळू साचून तयार झाली आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो एक इवलासा प्राणी आहे. समुद्राच्या पाण्यातील कॅल्शियम घेऊन तो स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाच्या ऊर्जेची गरज बव्हंशी भागवते. बदल्यात त्याला निवारा मिळतो. लक्षावधी प्राण्यांची अशी घरे एकावर एक रचली जाऊन प्रवाळभिंत तयार होते. झाडासारख्या फांद्या फुटणारे प्रवाळ अनुकूल पाण्यात वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. गोलाकार, घट्ट बांध्याचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर. म्हणजे माणसाच्या उंचीचा असा एक प्रवाळ वाढायला दीडशे-दोनशे वर्षे सहज लागतात.

ही भिंत मासळीचे घर असते आणि लाटांना अडवणारा तटही असते. जगभरातील प्रवाळभिंतींवर झालेल्या अभ्यासांची एकत्रित छाननी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेते, असा तिचा निष्कर्ष होता. खुल्या समुद्रातून येणारी लाट भिंतीवर फुटते आणि बेटापर्यंत पोचते ती नुसती खळखळ. भिंत काढून घेतली तर तीच लाट थेट वाळूवर आदळते आणि परत जाताना वाळू घेऊन जाते. किल्ल्याचा तट पाडून आतला वाडा शाबूत राहील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मन्नारच्या आखातात नेमके हेच घडले.

या परिसरात अनेक दशके प्रवाळांचे खाणकाम चालले. पहारीने प्रवाळ फोडायचे, होडीत भरायचे आणि किनाऱ्यावरच्या चुन्याच्या भट्ट्यांना विकायचे, हा राजरोस धंदा होता. त्या मालाचा उपयोग चुना, सिमेंट आणि रासायनिक उद्योगांसाठी होई. बांधकामातही प्रवाळाचे दगड वापरले जात. तुतीकोरीन बंदर आणि औद्योगिक शहर म्हणून वाढत होते, त्यामुळे त्याच्या जवळच्या बेटांना सर्वांत जास्त मार बसला. उद्यान जाहीर झाल्यावरही हे काम लगेच थांबले नाही. २००१ मध्ये कठीण प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रवाळ आणि वाघ एकाच पंक्तीत आले. तरी चोरटी तोड सुरूच होती. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली आणि बेटांच्या आडोशामुळे आपल्याला बसणारा तडाखा कमी झाला, हे किनाऱ्यावरच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. २००५ पासून खाणकाम बंद पडले. कायद्याने जे चार वर्षांत साधले नाही, ते एका लाटेने साधले. तोवर दोन बेटांपुरता उशीर मात्र झालेला होता.

तिसऱ्याची पाळी येत होती. तुतीकोरीनजवळचे वान बेट १९८६ मध्ये सुमारे १६ हेक्टर होते. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची जमीन दोन हेक्टरांच्या आसपास उरली होती. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून हिशेब मांडला तेव्हा २०२२ पर्यंत हे बेटही बुडेल असे अनुमान निघाले. मग केंद्राच्या हवामानबदल अनुकूलन निधीतून सुमारे २५ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला. तुतीकोरीनची सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्था, आयआयटी मद्रास आणि तमिळनाडू सरकार यांनी मिळून वान बेटासमोर कृत्रिम भिंत उभारण्याचे ठरवले. खाली रुंद, वर निमुळते आणि अंगभर भोके असलेले सिमेंटचे ठोकळे २०१५ च्या अखेरीपासून समुद्रतळावर बसवले जाऊ लागले. पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. भोकांतून पाणी वाहते, पण लाटेचा जोर मोडतो; मागे गाळ स्थिरावतो, वाळू साचते. ठोकळ्यांवर प्रवाळांचे तुकडे लावण्यात आले, आसपास समुद्रगवताची लागवड झाली. मासे आले. झीज थांबली आणि बेट थोडे थोडे भरू लागले. २०२२ उलटून गेले. वान बेट अजून पाण्यावर आहे.

या यशाबद्दल संशोधकांचे कौतुक केलेच पाहिजे. विज्ञान, सरकारी पैसा आणि स्थानिक मच्छीमारांचे सहकार्य एकत्र आले तर काय होऊ शकते, हे त्यांनी दाखवले. शेजारचे कारियाचल्ली बेटही वेगाने आक्रसत असून तेथेही असाच उपाय हाती घेण्यात आला आहे. पण यशाचा अर्थ नीट लावायला हवा. निसर्गाने जो तट फुकट बांधून दिला होता, तो आपण चुन्याच्या भावाने विकला आणि आता सिमेंट, यंत्रे आणि कोट्यवधी रुपये ओतून त्याचा एक तुकडा परत उभा करत आहोत. शिवाय सिमेंटचा ठोकळा वाढत नाही. समुद्राची पातळी चढली तर जिवंत प्रवाळभिंत, अनुकूल स्थितीत, स्वतःची उंची वाढवू शकते. ठोकळा बसवला तेवढाच राहतो. त्याच्यावर जिवंत प्रवाळ वाढले तरच तो खरा तट होतो. आणि प्रवाळ जगतील की नाही, हा आजचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

कारण समुद्राला ताप चढला आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शेवाळ बाहेर टाकतो. रंग त्या शेवाळाचा असतो. ते गेले की खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळांचे विरंजन म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. मन्नारच्या आखातात एप्रिल ते जून हा धोक्याचा काळ. येथे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे विरंजन झाले. २०१६ च्या तडाख्यात जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२४ मध्ये जगभरातील विरंजनाची चौथी मोठी लाट जाहीर झाली आणि आपल्या लक्षद्वीपलाही तिची झळ बसली. तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी जगातील उष्ण कटिबंधातील ७० ते ९० टक्के प्रवाळ नष्ट होतील आणि दोन अंशांवर गेल्यास जवळजवळ काहीच उरणार नाहीत, असा इशारा हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीने २०१८ मध्येच दिला आहे.

यावर सोपी प्रतिक्रिया अशी, की मग तुतीकोरीनच्या चार बेटांवर खर्च कशाला? जगाचा ताप तमिळनाडूतील वनरक्षक उतरवू शकत नाही, हे खरेच. पण वैद्यकातील साधा अनुभव येथे लागू पडतो. एकच ताप धडधाकट माणूस आठवड्यात झटकून टाकतो आणि कुपोषित, आधीच चार दुखणी असलेल्या माणसाला तो घेऊन जातो. प्रवाळांचेही तसेच आहे. सांडपाणी आणि गाळ यांनी गढूळलेल्या पाण्यात प्रवाळाला सूर्यप्रकाश कमी मिळतो. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर मोठी शेवाळे फोफावतात आणि मोकळी जागा बळकावतात, मग प्रवाळांच्या पिलांना रुजायला जागा उरत नाही. ट्रॉलरची तळ खरवडणारी जाळी समुद्रगवत उपटतात आणि गाळ उडवतात. शेवाळ खाणारे मासे बेसुमार पकडले तर शेवाळाला आवर घालणारे कोणी राहत नाही. तुटून वाहत आलेली जाळी प्रवाळांच्या फांद्यांत अडकून बसतात. यातील प्रत्येक गोष्ट माणसाच्या, आणि तीही स्थानिक प्रशासनाच्या, आवाक्यातली आहे. दोन उष्ण उन्हाळ्यांच्या मधल्या वर्षांत प्रवाळाला सावरायला उसंत मिळेल की नाही, हे या गोष्टींवर ठरते.

आणि इथेच आपल्या संरक्षणाची खरी विसंगती दिसते. उद्यानाची सीमा पाण्यावर आखलेली आहे. सांडपाण्याला, गाळाला आणि उष्ण प्रवाहाला ती दिसत नाही. ती दिसते फक्त माणसांना. त्यातही होडीवाल्यांना आणि शेवाळ काढणाऱ्या बायकांना.

या बायकांविषयी थोडे सांगायला हवे. रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांतील हजारो कोळी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतीच्या उथळ पाण्यात बुडी मारून समुद्रशेवाळ गोळा करतात. प्राणवायूची टाकी नाही. डोळ्यांना साधा चश्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या आणि श्वास टिकेल तेवढा वेळ. त्यांनी काढलेल्या काही शेवाळांपासून आगर तयार होते. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत आपल्या घशातील किंवा लघवीतील जंतू ज्या थाळीवर वाढवून तपासले जातात, तिच्यातील थर आगराचाच असतो. म्हणजे हा धंदा शहरातल्या रुग्णापासून वाटतो तितका दूर नाही. उद्यान जाहीर झाले आणि पुढे अंमलबजावणी कडक होत गेली, तशा याच स्त्रिया आपल्या पिढीजात पाण्यात घुसखोर ठरल्या.

त्यांनी काय केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी संघटना बांधली आणि स्वतःवरच नियम घालून घेतले. महिन्यातून फक्त बारा दिवस शेवाळ काढायचे. माशांच्या विणीच्या काळात ४५ दिवस काम पूर्ण बंद ठेवायचे. प्रवाळांना इजा करणारी लोखंडी खरवडणी वापरायची नाही. हे नेतृत्व करणाऱ्या चिन्नपालमच्या लक्ष्मी यांना २०१५ मध्ये बेटांच्या संवर्धनासाठी दिला जाणारा सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. ज्यांना पहारेकऱ्यांनी अडवायचे, त्यांच्यातलीच एक बाई जगाने पहारेकरी म्हणून गौरवली. तरीही बेटांच्या कारभारात या स्त्रियांचे अधिकृत स्थान आजही अगदी दुय्यम आहे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण आपण एरवी सहज वापरतो. येथे ती शब्दशः लागू पडते. प्रवाळांना मारणारी कारणे शहराच्या गटारांत, ट्रॉलरच्या जाळ्यांत आणि जगभरच्या धुराड्यांत आहेत. पहारा मात्र श्वास रोखून बुडी मारणाऱ्या बाईवर. कारण तिला पकडणे सोपे असते. नियम नकोत असे कोणीच म्हणत नाही. समुद्री काकड्यांच्या चोरट्या व्यापारावर कारवाई झालीच पाहिजे, बेटावर उतरण्यावर निर्बंध हवेतच. पण नियमांचे वजन नुकसानीच्या प्रमाणात असावे, एवढी तरी अपेक्षा रास्त आहे.

पर्यायी रोजगाराच्या नावाखाली घाई केली तर काय होते, याचाही धडा याच पाण्यात मिळाला. गेल्या शतकाच्या अखेरीस मंडपमच्या परिसरात कप्पाफायकस या परदेशी शेवाळाची लागवड सुरू झाली. त्यापासून मिळणारे कॅराजिनन टूथपेस्टपासून आइस्क्रीमपर्यंत अनेक पदार्थांत घट्टपणा आणण्यासाठी वापरतात. कोळी कुटुंबांच्या हाती पैसा आला, हा फायदा खरा होता. पण लागवडीतून सुटलेले तुकडे कुरुसडै बेटाजवळच्या प्रवाळांवर जाऊन वाढल्याचे २००८ मध्ये नोंदवले गेले. शेवाळाच्या गादीखाली प्रवाळ गुदमरले. ते हातांनी उपटून काढावे लागते आणि उरलेल्या कणाकणातून पुन्हा फुटते. समुद्रशेवाळाच्या शेतीला आता पुन्हा सरकारी उत्तेजन मिळत आहे. ते देताना स्थानिक जातींना प्राधान्य आणि प्रवाळांपासून पुरेसे अंतर, या दोन अटी तरी पाळल्या जाव्यात.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मन्नारचे उद्यान झाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथेही प्रवाळ आहेत, आणि तेथेही मच्छीमारांचा विरोध पहिल्या दिवसापासून आहे, कारण त्यांना विश्वासात न घेता रेघ ओढली गेली. आज त्याच पाण्यात स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचे पर्यटन जोरात आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा प्रवाळांचा मोठा बुडीत पठारी भागही सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटरवर आहे. त्याच्या संरक्षणाची चर्चा जेव्हा जेव्हा होईल, तेव्हा मन्नारचा अनुभव समोर ठेवायला हवा. नुसत्या अधिसूचनेने प्रवाळ वाचत नाहीत, हे तेथे दोन बेटे गमावून सिद्ध झाले आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, किनाऱ्यावरील शहरांचे आणि उद्योगांचे सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय आखातात जाणार नाही, ही जबाबदारी उद्यानाच्या संरक्षणाचा भाग मानली पाहिजे. आज ती वनखात्याच्या कक्षेबाहेर राहते आणि इतर खात्यांना प्रवाळांशी देणेघेणे नसते. दुसरी, ट्रॉलरांवरील निर्बंध मासेमारीबंदीच्या ६१ दिवसांपुरते न पाळता वर्षभर पाळले जावेत. तिसरी, शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांनी स्वतः आखलेल्या नियमांना सरकारी मान्यता द्यावी आणि देखरेखीचे काम, योग्य मोबदल्यासह, त्यांच्याकडे सोपवावे. पाणी कोठे गढूळले, कोणते प्रवाळ पांढरे पडले, हे रोज बुडी मारणाऱ्या डोळ्यांना सर्वांत आधी कळते. चौथी, प्रवाळांच्या प्रकृतीचा अहवाल दरवर्षी, साध्या भाषेत, लोकांसमोर ठेवावा. रुग्णाच्या खाटेला तापाचा तक्ता लावलेला असतो, तो डॉक्टरांइतकाच नातेवाइकांसाठीही असतो.

यातील एकही उपाय समुद्राचे तापमान कमी करणार नाही. ते काम जगाचे आहे आणि त्यात भारतालाही आपला वाटा उचलावा लागेल. पण तोवर उरलेल्या एकोणीस बेटांपुढचा तट जिवंत ठेवणे आपल्या हातात आहे. वान बेटासमोरच्या ठोकळ्यांनी थोडी वर्षे मिळवून दिली आहेत. ती वर्षे शहरांची गटारे दुरुस्त करण्यात आणि किनाऱ्यावरच्या माणसांना कारभारात बसवण्यात खर्ची पडली नाहीत, तर पुढच्या वेळी सिमेंटही पुरे पडणार नाही.